देवळांच्या गावात नास्तिक

हिंगोलीत एखादे नवे बिऱ्हाड राहावयास आले, की पहिल्या आठवड्यातच शेजारच्या काकू दोन गोष्टी विचारून जातात. एक, नळाला पाणी किती वाजता येते हे ठाऊक झाले का. आणि दुसरी, तुमच्याकडे उपास कोणत्या वाराचा असतो. दोन्ही प्रश्न आपुलकीचेच असतात. दुसऱ्याचे उत्तर "सोमवार" किंवा "गुरुवार" असे आले, की काकूंना शेजार कळला. परंतु कोणी "आमच्याकडे उपास नसतो, आम्ही देव मानत नाही" असे म्हटले, तर काकू क्षणभर थांबतात, आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे घरात काही झालं का?" देव न मानणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी मोठे दुःख घडून गेले असावे, अशी त्यांची समजूत असते. हा नुसता विचार असू शकतो, हे त्यांच्या मनात येत नाही.

अमेरिकेतील लहान गावात राहावयास गेलेल्या मराठी कुटुंबाला हाच प्रश्न निराळ्या शब्दांत ऐकू येतो. तेथील शेजारीण केक घेऊन येते आणि विचारते, "तुम्ही कोणत्या चर्चमध्ये जाता?" प्रश्नाचा हेतू तोच, आपुलकीही तीच, आणि "कोणत्याच नाही" या उत्तरानंतरची शांतताही तीच. श्रद्धावंतांच्या गावात श्रद्धा नसलेल्या माणसाने कसे राहावे, हा आजच्या आमच्या विवेचनाचा विषय आहे. देव आहे की नाही, हा वाद आम्ही येथे काढणार नाही. तो वाद जिंकूनही शेजार हरवता येतो, आणि तो न जिंकताही शेजार राखता येतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या जिल्ह्याला या विषयाचे थोडे निराळेच नाते आहे. हिंगोलीहून पंचवीस-एक किलोमीटरवर औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांपैकी ते आठवे, अशी येथील श्रद्धा. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून मान्यता पावलेले. हिंगोली शहरात अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घेण्यासाठी लांबलांबून लोक येतात. गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह चालतात. आणि याच भूमीत एक अशी कथा सांगितली जाते, की ती ऐकून परका माणूस चमकावा. गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी तपासून नामदेवांना कच्चे मडके ठरविले. मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले. पाहतात तो विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलीत गेले आणि जेथे ठेवावे तेथे लिंग दिसू लागले.

काही उत्साही मंडळी या कथेवरून विसोबांना नास्तिक ठरवू पाहतात. ते चूक आहे. देव सगळीकडे आहे असे विसोबांचे म्हणणे. देव कोठेच नाही असे नास्तिकाचे म्हणणे. ही दोन टोके आहेत. तरीही कथेचा एक भाग नास्तिकाच्या उपयोगाचा आहे. लिंगावर पाय दिसला म्हणून नामदेवांनी काठी उगारली नाही. प्रश्न विचारला, उत्तर ऐकून घेतले, आणि ज्याच्यावर संतापले त्यालाच गुरू केले. ज्या गावाने ही गोष्ट शेकडो वर्षे भक्तिभावाने सांगितली, त्या गावाला वेगळे बोलणाऱ्याचे ऐकून घेणे अगदीच अपरिचित नसावे.

आता "नास्तिक" हा शब्द जरा तपासून पाहू. जुन्या शास्त्रकारांच्या भाषेत नास्तिक म्हणजे देव न मानणारा असा अर्थ नव्हता. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले. व्याकरणकारांच्या मते परलोक नाही असे मानणारा तो नास्तिक. उलट सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांना जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही, तरी ती वेद मानतात म्हणून आस्तिक ठरली. जैन आणि बौद्ध या धर्मांतही जगाचा निर्माता ईश्वर नाही. आमच्या जिल्ह्यात शिरड शहापूरला मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे, आणि बौद्ध वस्ती तर बहुतेक गावांतून आहे. म्हणजे कर्ता ईश्वर न मानणारे लोक आमच्या शेजारी पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत, आणि त्यांना कोणी "घरात काही झालं का" असे विचारीत नाही. याचे कारण असे, की त्यांच्यापाशी सण आहेत, विधी आहेत, समाज आहे. आमच्याकडे देव न मानणे लोकांना फारसे खुपत नाही. विधीवाचून राहणे खुपते.

ख्रिस्ती समाजात स्थिती निराळी असते, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. ख्रिस्ती धर्मात श्रद्धेचा उच्चार मध्यवर्ती आहे. बाप्तिस्मा झाला, पुढे मूल कळते झाले, की त्याने आपण काय मानतो हे मंडळीसमोर सांगावयाचे असते. उपासनेत श्रद्धेचे सूत्र सर्वांनी मिळून म्हणावयाचे असते. म्हणून तेथे नास्तिकाची कसोटी तोंडाने लागते: तू मानतोस की नाही, ते बोल. आमच्याकडे ती हातांनी लागते: आरतीला आलास का, टाळ्या वाजविल्यास का, प्रसाद घेतलास का. मनात काय आहे ते सहसा कोणी विचारीत नाही. तेथल्या नास्तिकाला खोटे बोलावे लागण्याची भीती, तर येथल्या नास्तिकाला खोटे वागावे लागण्याची. आमच्याकडचा जाच दिसावयास सौम्य आहे. पण तो रोजचा आहे.

तोंडाची कसोटी किती कठीण होऊ शकते याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. चार्ल्स ब्रॅडलॉ हा इंग्लंडातील प्रसिद्ध नास्तिक १८८० साली नॉर्थॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आला. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी नुसती प्रतिज्ञा करू द्या, असे त्याने म्हटले. ते नाकारले गेले. मग शपथ घेतो म्हणाला, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ नाही म्हणून तीही घेऊ दिली नाही. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिले, आणि अखेर १८८६ साली त्याला जागेवर बसता आले. पुढे त्याच्याच खटपटीने १८८८ चा शपथांचा कायदा झाला. हाच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईच्या काँग्रेसला आला होता. दुसरे उदाहरण अमेरिकेतले. मेरिलँड राज्यात रॉय टॉर्कासो या गृहस्थाला नोटरीच्या पदासाठी देवावरील विश्वास जाहीर करावा लागत होता. त्याने नकार दिला, पद गेले. १९६१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की सरकारी पदासाठी अशी अट घालता येणार नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. ज्या वर्षी इंग्लंडात शपथांचा कायदा झाला, त्याच १८८८ साली पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारक' पत्र काढले. सनातनी पुण्याच्या मध्यभागी राहून, आपल्या विचारांना परलोकाचा आधार लागत नाही असे उघडपणे मांडणारा हा माणूस. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेल्या शरीराने त्यांनी ती सोसली, पण लेखणी थांबविली नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. १८९५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटणारी गोष्ट मात्र रस्त्यावरची नाही, घरातली आहे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. ज्या माणसाने साऱ्या पुण्याशी वाद घातला, त्याने घरच्या देव्हाऱ्यावर हात उगारला नाही. बायकोची श्रद्धा ही तिची आहे, नवऱ्याच्या मताची ती मालमत्ता नव्हे, हे त्यांनी ओळखले. स्वतःच्या विचाराचे स्वातंत्र्य मागणाऱ्याने ते घरात आधी द्यावे, असा हा धडा आहे. दुर्दैवाने आमचे पुष्कळ बुद्धिवादी मित्र सभेत आगरकर असतात आणि स्वयंपाकघरात पेशवे.

दुसरे नाव रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. महर्षी कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव पक्के नास्तिक आणि गणिताचे प्राध्यापक. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवीत, आणि ते स्कॉटिश मिशनऱ्यांचे महाविद्यालय. म्हणजे ख्रिस्ती संस्थेत हिंदू समाजातील नास्तिक, अशी ही दुहेरी अडचणीची जागा. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. गणित शिकविणाऱ्याने देव मानला नाही, हे संस्थेला कदाचित चालले असते. परंतु त्याने गर्भ राहू न देण्याचे उपाय जाहीरपणे सांगावे, हे चालले नाही. १९२५ साली त्यांना ती जागा सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी शिक्षा टळली नाही. या सर्व काळात पत्नी मालतीबाईंच्या सोबतीने त्यांनी ओढगस्तीचा संसार केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांना केवळ मिशनऱ्यांनीच दूर केले असे नाही. हिंदू सनातन्यांनीही त्यांना जवळ केले नाही. नास्तिकाला या धर्माच्या जाचातून सुटून त्या धर्माच्या आश्रयाला जाता येत नाही. त्याची अडचण सगळीकडे सारखीच असते.

येथे एका उलट उदाहरणाची आठवण होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे हिंदूच राहिल्या, आणि पुढे नगरच्या ख्रिस्ती वस्तीत पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांनी आपले आचार पाळले. मत बदलले ते स्वतःच्या विचाराने, आपल्या वेळी. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हा सारा काळ आला आहे. लक्ष्मीबाई नास्तिक नव्हत्या. परंतु एका श्रद्धेच्या वस्तीत दुसऱ्या मनाने राहणे म्हणजे काय, हे त्या पुस्तकाइतके मराठीत क्वचितच कोणी दाखविले असेल. एकमेकांवरचे प्रेम शाबूत ठेवून मतभेद पाळता येतो, पण त्याची किंमत दोघांनाही मोजावी लागते, हे त्यावरून कळते.

तिसरे उदाहरण सेवाग्रामचे. आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे 'गोरा', हे जाहीर नास्तिक. नास्तिकपणामुळे त्यांना अध्यापकाची नोकरी गमवावी लागली होती. १९४० साली त्यांनी नास्तिक केंद्र काढले आणि अस्पृश्यतानिवारणाचे काम धरले. ते गांधीजींना भेटले. एकीकडे प्रार्थनेवाचून दिवस न घालविणारा महात्मा, दुसरीकडे देव नाही म्हणणारा कार्यकर्ता. दोघांनी एकमेकांचे मत बदलले नाही, पण एकमेकांचे काम पाहिले. गोरांनी आपल्या मुलीचा विवाह एका हरिजन तरुणाशी ठरविला. तो सेवाग्रामात व्हावा, आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव यावे, हे गांधीजींनी मान्य केले. गांधीजींचा खून झाला. तरी १९४८ च्या मार्चमध्ये तो विवाह सेवाग्रामलाच झाला. श्रद्धावान आणि नास्तिक यांना एकत्र बसण्यासाठी समान देव लागत नाही, समान काम लागते, असे या प्रसंगाचे सार आम्ही काढतो.

हे झाले थोरांचे. साध्या माणसाला कायद्याचा काय आधार आहे, तेही सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांना तो ठाऊकच नसतो. आपल्या घटनेच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे; त्यात मानण्याचे आहे, तसेच न मानण्याचेही आहे. २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. मंत्र्याला, आमदाराला शपथ घेताना ईश्वरसाक्ष म्हणावे की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, याची मोकळीक घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टातच आहे. न्यायालयातल्या साक्षीदारालाही १९६९ च्या शपथांच्या कायद्याने तीच मुभा आहे. ब्रॅडलॉने सहा वर्षे झगडून मिळविले, ते आपल्या हाती आयतेच आले आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकालही लक्षात ठेवावेत. नाशिक जिल्ह्यातील एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडण्यास नकार दिला. त्यावरून त्याची वेतनश्रेणी अडली. २०१३ साली न्यायालयाने म्हटले, की हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. दुसरा निकाल २०१४ च्या सप्टेंबरातला. फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड या मंडळीतील काही लोकांनी शासकीय राजपत्रात आपली नोंद "कोणताही धर्म नाही" अशी व्हावी म्हणून अर्ज केला. ते नास्तिक नव्हते. येशूला मानणारे होते, पण आपण कोणत्याच धर्माचे नाही असे त्यांचे म्हणणे होते. छापखान्याने नकार दिला. न्यायालयाने निर्णय दिला, की कोणत्याही नागरिकाला आपला धर्म नाही असे म्हणण्याचा अधिकार आहे, आणि सरकार कोणाला धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. येशूवर श्रद्धा असलेल्या माणसांनी नास्तिकांसाठीही वाट मोकळी करून दिली, ही मौज ध्यानात घेण्याजोगी आहे.

मात्र कायद्याविषयी एक गैरसमज दूर करावयास हवा. देव मानला नाही म्हणून वारसाहक्काचा कायदा बदलत नाही. हिंदू कुटुंबात जन्मलेला नास्तिक हिंदू वारसा कायद्याखालीच येतो. लग्न धर्मविधीवाचून करावयाचे असेल त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा मोकळा आहे. जुन्या १८७२ च्या कायद्यात नोंदणी करताना "मी हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही" अशी जाहीर नकारघंटा वाजवावी लागे; नव्या कायद्यात तिची गरज उरली नाही. वर्गणी दिली नाही, मिरवणुकीत आला नाही म्हणून कोणी जातपंचायतीच्या जोरावर वाळीत टाकू लागले, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाचा कायदा आहे. तो विधिमंडळाने २०१६ साली संमत केला.

असे असूनही २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणविणारे साऱ्या देशात सुमारे ३३ हजारच निघाले. त्यांत महाराष्ट्रातले साडेनऊ हजारांवर, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. आणि त्याखालोखाल, नवल वाटेल, पण ख्रिस्तीबहुल मेघालयातले. आमच्या एका हिंगोली जिल्ह्याची वस्ती त्या वेळी पावणेबारा लाखांच्या घरात होती. खरे नास्तिक एवढेच असतील, असे आम्हांस वाटत नाही. शिरगणतीचा माणूस दारात येतो, घरातले वडील बसलेले असतात, तो धर्म विचारतो, आणि वडील उत्तर देतात. मुलाच्या मनातले त्या रकान्यात उतरत नाही.

म्हणजे कायदा दारापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आत आपल्यालाच निभवावे लागते. तेथे काय करावे? आमच्या अनुभवाने आम्ही तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखावयास शिकलो आहो: हजेरी, सहभाग आणि कबुली. शेजाऱ्याच्या सत्यनारायणाला जाऊन बसणे ही हजेरी. त्याने बोलाविले, आपण गेलो. हा माणसाचा मान आहे. सप्ताहाच्या पंगतीत वाढणे, मंडपासाठी सतरंज्या उचलणे, हा कामातला सहभाग. तो द्यावयास हरकत नाही, कारण जेवणारा भुकेला असतो आणि सतरंजीला धर्म नसतो. पण "मी नवस बोललो आणि तो फळला" असे चारचौघांत म्हणणे ही कबुली. ती मनात नसेल तर देऊ नये. हजेरीला शक्यतो नाही म्हणू नये, सहभाग विचारून द्यावा, कबुली मात्र खोटी देऊ नये. वर्गणीचेही तसेच. सप्ताहाच्या अन्नदानाला आम्ही धान्य देतो. भोंदूबाबाच्या दरबाराला दिडकी देत नाही, आणि का देत नाही ते शांतपणे सांगतो.

हा नियम सांगावयास सोपा आहे, पाळावयास कठीण. आमची आई वारकरी होती. शेवटच्या दुखण्यात तिने तीर्थ मागितले, ते आम्ही स्वतःच्या हाताने तिच्या ओठाला लावले. त्यात आम्हांला काहीच अवघड वाटले नाही. "माझं सगळं नीट करा" एवढे ती सांगून गेली. दहाव्याला आम्ही धाकट्या भावाशेजारी बसलो. गुरुजींनी संकल्प म्हणावयास सांगितला, तेव्हा "तो भावाला म्हणू द्या" असे आम्ही हळूच म्हटले. भावाने तो म्हटला. कावळा शिवेपर्यंत आम्ही उन्हात उभे राहिलो. घरी आल्यावर मामा म्हणाले, "थोरला असून दोन शब्द म्हटले असतेस, तर काय झिजलं असतं?" आम्ही उत्तर दिले नाही. आजही ते आमच्यापाशी नाही. शब्द म्हटले असते तर आईला खोटे सांगितल्यासारखे झाले असते, असे एका मनाला वाटते. तिने मागितले होते ते खऱ्याखोट्याचे नव्हते, मायेचे होते, असे दुसरे मन म्हणते. आमची तीन कलमे या एका ठिकाणी अपुरी पडली, हे आम्ही मान्य करतो. म्हणून सांगणे एवढेच, की असे प्रश्न घरच्या माणसांशी ती जिवंत असतानाच बोलून ठेवावेत. आपल्या स्वतःच्या अंत्यविधीविषयी, देहदानाविषयी इच्छा असेल, तर ती लिहून ठेवावी आणि घरात सांगावीही. कारण अखेर आपला देह त्यांच्याच ताब्यात राहणार असतो.

मुलांच्या बाबतीत आम्ही आणखी एक पथ्य पाळतो. "देव नाही" हे आम्ही त्यांना पाठ करावयास लावले नाही. नर्सीला नेले, औंढ्याच्या देवळावरील शिल्पे दाखविली, नामदेवांचे शब्द शिखांच्या ग्रंथसाहेबात कसे जाऊन बसले ते सांगितले. आजीने त्यांना आरती शिकविली, ती शिकू दिली. कशावर विश्वास ठेवावा हे त्यांनी मोठेपणी ठरवावे. विश्वास ठेवण्यापूर्वी विचारावे कसे, एवढेच आम्ही शिकविले. आंधळी नास्तिकता ही आंधळ्या श्रद्धेचीच धाकटी बहीण आहे.

आता दोन शब्द श्रद्धावंतांसाठी. नास्तिकाकडून नम्रतेची अपेक्षा करणे योग्यच आहे. पण ती एकतर्फी नसावी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी चोवीस वर्षे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम केले. देव मानणारेही त्यांच्या कामात होते. देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला आणि छळाला त्यांचा विरोध होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर झाला. आगरकरांच्या वेळी जिवंत माणसाची प्रेतयात्रा निघाली, ती गवताची होती. सव्वाशे वर्षांनी खरे प्रेत पडले. ही प्रगती म्हणावी काय, याचा विचार आपण सर्वांनी, आणि देव मानणाऱ्यांनी विशेष करून, केला पाहिजे. ज्याचा देव समर्थ आहे, त्याला शेजाऱ्याच्या नकाराची भीती का वाटावी?

गावाला नास्तिकाचा काही उपयोगही असतो. ताप आलेल्या पोराला अंगारा लावीत बसलेल्या घरात "आधी दवाखान्यात चला" असे म्हणणारा एक माणूस गल्लीत असावा. तो सप्ताहात वाढावयास येणारा, मयताला खांदा देणारा, उधारी वेळेवर फेडणारा असेल, तर त्याचे ऐकले जाते. नुसता वाद घालणारा असेल, तर ऐकले जात नाही. नास्तिकाच्या मताची परीक्षा लोक त्याच्या युक्तिवादावरून करीत नाहीत, त्याच्या वागण्यावरून करतात. देवाच्या भीतीवाचून माणूस नीट वागू शकतो, हे त्याला रोज दाखवावे लागते. हे ओझे अन्यायाचे आहे खरे, कारण श्रद्धावंताकडून असा पुरावा कोणी मागत नाही. पण ते उचलण्याने नास्तिकाचे नुकसान काहीच होत नाही.

आमच्या शेजारच्या काकू आता उपासाचे विचारीत नाहीत. एकादशीला त्या साबुदाण्याची वाटी आमच्याकडे पाठवितात, आणि सोबत निरोप असतो, "उपास नसला तरी खा म्हणावं." आम्ही खातो. वाटी रिकामी परत करू नये, एवढा रिवाज आम्हीही पाळतो.